पाण्यात उतरविणारे हात



मनुष्याच्या अंगचे कसब हेच त्याचे मोल, असे आपण तोंडाने क्वचितच म्हणतो. परंतु वागतेवेळी बहुधा तसेच मानून वागतो. नांगर धरणारा जोवर नांगर धरितो, ताडावर चढणारा जोवर ताडावर चढतो, तोवर गावात त्याला नाव असते. एखाद्या दिवशी त्याचे हातपाय निकामी झाले म्हणजे ते नावही हळूहळू लोकांच्या तोंडून जाते, आणि त्याच्या जागी "बिचारा" हा एकच शब्द उरतो. ज्या कसबाने मनुष्य ओळखला जातो ते हिरावले गेल्यावर मागे उरतो तो कोण, आणि त्याच्याशी आपले कर्तव्य काय, हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्यापुढे अशा रीतीने उभा राहिला की त्याचे उत्तर दिल्यावाचून मला सुटका नव्हती. तो कसा उभा राहिला हे प्रथम सांगतो.

आमच्या घोलवडच्या बाजूस एका पाड्यावर एक गृहस्थ आहेत. त्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. सात वर्षांपूर्वी ते ताडावरून पडले व त्यांच्या पाठीचा कणा दुखावला. कमरेपासून खालचे अंग तेव्हापासून निर्जीव आहे. त्यांची पत्नी चिकूच्या वाडीत मजुरीस जाते. ते ओटीवर बाजेवर पडून असतात. गेल्या वर्षी पाड्यावरील तरुणांनी मोबाइलवर एक चित्रपट पाहिला व तो मलाही दाखविला. इसवी सन २०२४ मध्ये निघालेला "चंदू चॅम्पियन" नावाचा हा चित्रपट आपल्याच महाराष्ट्रातील मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावर आधारलेला आहे. तो पाहून माझे अंतःकरण भरून आले, आणि दुसऱ्याच दिवशी मी त्या गृहस्थांकडे जाऊन मोठ्या उत्साहाने ती हकीकत सांगू लागलो.

पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरकडील. लहानपणी त्यांना कुस्तीचा नाद होता. पुढे ते सैन्यात शिरले व तेथे मुष्टियुद्ध खेळू लागले. यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या दलात ते कारागीर होते. इसवी सन १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, कण्यास इजा झाली आणि कमरेखालील अंग गेले. ज्याची सारी मिळकत म्हणजे पायांची चपळाई व मुठीचा जोर, त्याचे पाय एका दिवसात गेले. उपचारांत त्यांस पोहावयास शिकविण्यात आले, कारण पाण्यात शरीराचा भार हलका होतो व हातांना बळ येते. उपचार म्हणून धरलेले हे पोहणेच पुढे त्यांचा खेळ झाला. इसवी सन १९७० मध्ये एडिंबरो येथे राष्ट्रकुलातील अपंगांच्या सामन्यांत त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. पुढे १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडासामन्यांत, ज्यांस आज पॅरालिंपिक म्हणतात, पन्नास मीटरचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत तोडून जगाचा विक्रम केला व सुवर्णपदक जिंकिले. अपंगांच्या त्या सामन्यांत भारताला मिळालेले हे पहिलेच सुवर्णपदक होय. धडधाकट खेळाडूंच्या ऑलिंपिकात एकट्याने सुवर्णपदक मिळविणारा पहिला भारतीय त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २००८ मध्ये, निघाला.

ही सर्व हकीकत मी रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणालो, "पाहा दादा, मनुष्याने मनात आणले तर काय होणार नाही?"

ते काही वेळ गप्प राहिले. मग शांतपणे म्हणाले, "पाळकसाहेब, त्यांना पाण्यात उतरवायला कोणीतरी होते. मला ओटीवरून अंगणात कोण उतरवितो?"

वाचकहो, त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. घोलवडचा समुद्र त्यांच्या घरापासून पायी अर्ध्या घटकेच्या वाटेवर आहे. सात वर्षांत त्यांनी तो पाहिला नव्हता. मी त्या सात वर्षांत कितीदा त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो, प्रार्थना केली, चहा घेतला आणि घरी आलो. परंतु हा साधा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

घरी परतल्यावर मी स्वतःशी विचार करू लागलो की, माझ्या बोलण्यात चूक कोठे झाली? गोष्ट तर खरी होती. पेटकरांचे धैर्यही खरे होते. मग तीच गोष्ट त्या ओटीवर इतकी कठोर का ठरली? विचारांती मला असे दिसले की, पराक्रमाची गोष्ट दोन प्रकारे सांगता येते. एक प्रकार दिव्यासारखा, जो अंधारात वाट दाखवितो. दुसरा चाबकासारखा, जो पडलेल्या मनुष्याच्या पाठीवर बसतो. "तो उठला, मग तू का उठत नाहीस?" हा चाबूक होय. तो मारणाऱ्याला मात्र मोठा सुखाचा असतो. कारण जखमी मनुष्याची अवस्था ही त्याच्याच मनाच्या दुबळेपणाचा परिणाम ठरली, म्हणजे शेजाऱ्याला काहीच करावयाचे उरत नाही.

मग मी पेटकरांची गोष्ट पुन्हा नीट तपासून पाहिली, आणि तिच्यात चित्रपट पाहताना न दिसलेली माणसे मला दिसू लागली. लष्करी रुग्णालय होते. पाण्यात धरणारे, तोल शिकविणारे हात होते. प्रसिद्ध क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी अपंग खेळाडूंना परदेशी सामन्यांस जाण्याकरिता साहाय्य केले, त्याचाही लाभ पेटकरांस झाला. पुढे पुण्यातील टेल्को कारखान्यात त्यांस नोकरी मिळाली. हे सर्व नसते तर त्यांच्या छातीतील धैर्य तेवढेच असते. पण ते कोणाला कळले नसते. आपल्या भागात असे किती धैर्य बाजेवर पडून असेल, हे देवच जाणे.

ही गोष्ट एकाच देशाची नव्हे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तो आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणावा. एक चेंडू फेकतो, दुसरा दांडक्याने तो टोलवितो. तेथे उत्तम खेळाडूंस त्या खेळावरच पोट भरता येते. दुसऱ्या महायुद्धात अशा पुष्कळ खेळाडूंनी खेळ सोडून शस्त्र हाती घेतले. त्यांपैकी दोघांची हकीकत आपल्या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पाडते.

पहिला लू ब्रिसी. हा डाव्या हाताने चेंडू फेकणारा उंचापुरा तरुण होता. डिसेंबर १९४४ मध्ये इटलीत तोफेचा गोळा जवळ फुटून त्याच्या डाव्या पायाच्या नळीचे तीसांहून अधिक तुकडे झाले. डॉक्टर पाय कापावयास निघाले, तेव्हा त्याने काकुळतीने विनविले की पाय राहू द्या, मला चेंडू फेकावयाचा आहे. एका डॉक्टराने ते मानले. पुढे वीसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. या दिवसांत फिलाडेल्फिया येथील संघाचे वृद्ध चालक कॉनी मॅक यांनी त्यास कळविले की, आता बरे होणे हेच तुझे काम. तू तयार झालास म्हणजे तुला संधी देण्याचे काम माझे. त्यांनी आपला शब्द पाळिला. ब्रिसी १९४७ मध्ये त्या संघात उतरला. पायास धातूचे कवच बांधून तो खेळे, आणि १९४९ साली देशातील निवडक खेळाडूंच्या सामन्यातही त्याची निवड झाली.

दुसरा बर्ट शेपर्ड. हा युद्धापूर्वी लहान संघांतून खेळत असे व युद्धात विमान चालवीत असे. मे १९४४ मध्ये जर्मनीत त्याचे विमान पडले. संतापलेले शेतकरी त्याला ठार करण्याच्या बेतात होते. इतक्यात शत्रुसैन्यातीलच एका डॉक्टराने त्यांस आवरून त्याला रुग्णालयात नेले व त्याचा जीव वाचविला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कैदेत असता कॅनडाच्या एका कैद्याने त्याला एक कृत्रिम पाय बनवून दिला, आणि तो बांधून शेपर्ड तुरुंगाच्या आवारात चेंडू फेकण्याचा सराव करू लागला. सुटून आल्यावर ४ ऑगस्ट १९४५ रोजी वॉशिंग्टनच्या संघाकडून तो बोस्टनच्या संघाविरुद्ध मैदानात उतरला. पाच डावांहून अधिक वेळ त्याने चेंडू फेकिला व प्रतिपक्षास एकच धाव मिळू दिली. परंतु त्या मोठ्या दर्जाच्या खेळातील त्याचा तो पहिला व शेवटचा सामना ठरला.

आता वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. ब्रिसी अनेक वर्षे खेळला. शेपर्ड एकच दिवस. तर मग शेपर्डचे धैर्य ब्रिसीच्या धैर्याहून उणे होते काय? तसे कोणीही म्हणणार नाही. आणि ज्याला एक दिवसही मैदान मिळाले नाही, जो रुग्णालयाच्या खाटेवरच वेदनेशी झुंजत राहिला व ज्याचे नाव कोणत्याही वर्तमानपत्रात आले नाही, त्याचे काय? धैर्याचे माप जर पदकांनी व धावांनी करावयाचे असेल, तर ज्यांना सर्वांत कमी साहाय्य मिळाले तेच सर्वांत भित्रे ठरतील. हे माप खोटे आहे. धैर्य मनुष्याच्या आत असते. त्याचे फळ मात्र आतल्या बळावर व बाहेरच्या हातांवर मिळून अवलंबून असते. बी चांगले असले तरी खडकावर पडलेल्या बीजाला कोणी दोष देत नाही.

येथे कोणी अशी शंका काढील की, सर्व श्रेय जर रुग्णालयाला व मदत करणाऱ्यांना दिले, तर खेळाडूचे स्वतःचे काय उरले? शंका रास्त आहे. त्याच रुग्णालयांतून शेकडो गेले. सर्वांनीच विक्रम केले नाहीत. पाण्यात उतरविले म्हणजे कोणी आपोआप पोहत नाही. दुसऱ्याने हात धरला तरी पहिला हात स्वतःच मारावा लागतो, व पाणी नाकात गेल्यावर पुन्हा तोंड वर काढणेही स्वतःचेच असते. तेव्हा खेळाडूचे श्रेय तिळभरही कमी होत नाही. मी म्हणतो ते इतकेच की, या दोन गोष्टींची जबाबदारी दोन निरनिराळ्या माणसांवर आहे. पोहण्याची जबाबदारी जखमी मनुष्याची, उतरविण्याची आपली. आपण आपले काम केलेले नसता त्याला त्याच्या कामाचा उपदेश करावा, हा आपला अधिकार नव्हे.

दुसरी शंका याहून गंभीर आहे. ही तिन्ही माणसे युद्धात जखमी झाली. त्यांचा गौरव करताना आपण युद्धाचाच गौरव करितो की काय? शांतीवर प्रेम करणाऱ्या मनुष्याच्या मनाला हे टोचल्यावाचून राहत नाही, आणि ते टोचावे हे योग्यच आहे. युद्धाने पेटकरांस पोहणे शिकविले नाही. युद्धाने त्यांचे पाय नेले. जखम ही शाळा नव्हे. तिच्यातून कोणी मोठा झाला तरी जखम करणाऱ्याचे आभार मानण्याचे कारण नाही. मला वाटते, शेपर्डच्या हकीकतीतच या शंकेचे उत्तर आहे. ज्या दिवशी दोन राष्ट्रे एकमेकांच्या मुलांना आकाशातून खाली पाडीत होती, त्याच दिवशी एका शत्रूने दुसऱ्या शत्रूला उचलून रुग्णालयात नेले. त्या दिवशी गौरवास पात्र अशी काही गोष्ट घडली असेल तर ती ही. जखमी मनुष्याचा मान राखणे हा युद्धाचा गौरव नसून, युद्धाने जे मोडले ते जोडण्याचा आरंभ होय.

अपंगांच्या या जागतिक सामन्यांचा उगमही असाच आहे. लुडविग गुटमान नावाचे यहुदी डॉक्टर हिटलरच्या छळामुळे १९३९ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडात आले. कण्यास इजा झालेले शिपाई त्या काळी बहुधा फार दिवस जगत नसत. पाठीस क्षते पडून व मूत्राच्या विकाराने ते मरत, आणि डॉक्टरही त्यांची आशा सोडीत. १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथील विभाग गुटमान यांच्या हाती आला. त्यांनी प्रथम कोणती मोठी युक्ती केली? रोग्याला रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवावयाचे, असा नियम घातला. क्षते थांबली, माणसे वाचली. मग त्यांनी त्यांच्या हाती धनुष्यबाण व चेंडू दिले, कारण नुसते जगणे पुरेसे नाही असे त्यांस वाटे. २९ जुलै १९४८ रोजी सोळा जखमी स्त्रीपुरुष सैनिकांचे तिरंदाजीचे सामने त्यांनी भरविले. त्यातूनच १९६० मध्ये रोम येथील सामने झाले, आणि बारा वर्षांनी, जो देश गुटमान यांस सोडावा लागला होता त्याच देशात, सांगलीकडील एका शिपायाने सुवर्णपदक घेतले. आपल्या पुण्याजवळ खडकी येथेही कण्यास इजा झालेल्या सैनिकांकरिता १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे.

दर दोन तासांनी वळविणे! या पराक्रमाचे पदक कोणाला मिळत नाही. परंतु सुवर्णपदकाच्या मुळाशी तीच गोष्ट आहे. आमच्या त्या गृहस्थांना सात वर्षे रात्री कोण वळविते? दिवसभर वाडीत राबून आलेली त्यांची पत्नी. ती मध्यरात्री उठते हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

मानसन्मानाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेटकरांनी १९७२ मध्ये पदक मिळविले. पद्मश्री ही पदवी त्यांस २०१८ मध्ये मिळाली, व जीवनभराच्या कार्याबद्दलचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. पद्मश्रीस शेहेचाळीस वर्षे लागली. या वर्षांत त्यांचे ३७.३३ सेकंद कमी झाले नाहीत की वाढले नाहीत. सन्मानाने पराक्रम उत्पन्न होत नाही. तो आधीच घडलेला असतो. सन्मान म्हणजे पाहणाऱ्यांनी आपले ऋण फेडणे. ते ऋण उशिरा फेडले तर लाज घेणाऱ्याला नाही, देणाऱ्याला आहे. राष्ट्राला शेहेचाळीस वर्षे लागली म्हणून आपण राष्ट्रास बोल लावू. पण माझ्या ओळखीच्या एका ओटीचे ऋण माझ्याकडे सात वर्षे होते, हे मी विसरू शकत नाही.

चार माणसांनी एका पक्षघाती मनुष्याला बाजेसकट आणिले व गर्दीमुळे वाट मिळेना म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडिले, ही कथा मी कितीदा शिकविली आहे. दर वेळी मी त्या रोग्याविषयी बोललो. त्या चौघांच्या खांद्यांना किती रग लागली असेल, दोर कोणी आणिला असेल, छप्पर पुन्हा कोणी शाकारिले असेल, याविषयी मी कधी बोललो नाही. त्यांची नावेही कोणास ठाऊक नाहीत. परंतु ते नसते तर ती कथाच घडली नसती.

यास्तव माझ्या प्रश्नाचे उत्तर मी असे देतो. कसब गेल्यावर मागे जो उरतो तो पूर्वीचाच मनुष्य होय. त्याचे मोल कसबाबरोबर आले नव्हते, म्हणून कसबाबरोबर जात नाही. तो पुन्हा काही करून दाखवील तर आनंद आहे. न दाखवील तरीही आपल्याकडे त्याचे येणे तितकेच आहे. धैर्याची गोष्ट त्याला अवश्य सांगावी. परंतु ती सांगण्यापूर्वी त्याच्या बाजेचा एक कोपरा आपल्या हाती घ्यावा.

त्या संभाषणानंतर पाड्यावरील चार तरुणांशी मी बोललो. ज्यांनी तो चित्रपट मला दाखविला तेच हे तरुण. त्यांनी एका जुन्या खुर्चीस दोन बांबू बांधिले. एका शनिवारी, ऊन उतरल्यावर, त्या गृहस्थांना आम्ही खुर्चीत बसवून किनाऱ्यावर नेले. पाचवा मी होतो. वाटेत दोनदा खांदा बदलावा लागला, आणि बांबूखाली माझा खांदा सोलून निघाला हे सांगण्यास मला लाज वाटत नाही. ओहोटी होती. आपल्याकडे ओहोटीस समुद्र फार दूर जातो हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी पुष्कळ वेळ त्या ओल्या वाळूकडे पाहिले. कोणीही पोहले नाही, कोणताही विक्रम झाला नाही. भरती लागून पाणी जवळ आले तेव्हा तरुणांनी खुर्ची पुढे नेली व लाट त्यांच्या पायांवरून गेली. पायांना ती कळली नाही. मग त्यांनी वाकून हात पाण्यात घातला.

परत येताना त्यांनी मला विचारिले, "पुढच्या शनिवारी?"

तो "पुढचा शनिवार" आजवर चालू आहे. वाचकहो, आपापल्या गावात अशी एक ओटी असेलच. तिच्यापर्यंत जाण्यास चित्रपट पाहावा लागत नाही. चार माणसे, दोन बांबू आणि एक खुर्ची पुरे.